बिबट्या सीसीटीव्हीत दिसला, वनरक्षक आला आणि वीस मिनिटांत गेला. त्या वीस मिनिटांत काय झालं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "मुलुंड पश्चिमेला जंगलाच्या कडेला आमची सोसायटी आहे. महिन्याभरात तीन वेळा सीसीटीव्हीत बिबट्या दिसला. फोन केल्यावर एक वनरक्षक आले, वीस मिनिटं फिरले, कचरा आणि कुत्र्यांबद्दल विचारलं, पोस्टर लावलं आणि गेले. पिंजरा लावत नाहीत, पकडून लांबच्या जंगलात सोडत नाहीत. मग या लोकांचं नेमकं काम तरी काय?"

मी वनरक्षक म्हणून लागलो आणि वनपाल म्हणून निवृत्त झालो. मधली बरीच वर्षं बोरिवलीच्या जंगलात, म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात, आणि त्याच्या कडेच्या पाड्यांत, वस्त्यांत गेली. तुमचा राग कळतो. घरात लहान पोर असेल तर मीही असाच प्रश्न विचारला असता. पण त्या वीस मिनिटांत तुमच्या सोसायटीत काय झालं ते आधी सांगतो, कारण तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तिथेच आहे.

तो माणूस आल्या आल्या सीसीटीव्हीसमोर बसला नसेल. आधी मागच्या भिंतीकडे गेला असेल. बिबट्या आला होता एवढंच कॅमेरा सांगतो. कशाला आला आणि कुठे गेला हे जमीन सांगते. भिंतीलगतच्या मातीत ठसे एका रेषेत सरळ निघून गेले असतील तर जनावर वाटसरू आहे, रोजच्या फेरीवर होतं. ठसे कचऱ्याच्या खोलीभोवती घुटमळलेले असतील, तर त्याला तिथे काहीतरी मिळतंय. विष्ठा सापडली तर काडीने फोडून बघतात. आत केस असतात, आणि ते कुत्र्याचे की डुकराचे की हरणाचे, हे सवय झालेल्या माणसाला बरंचसं ओळखू येतं.

मग त्याने वॉचमनला गाठलं असेल. बाहेरच्याला हे टाइमपास वाटतं, पण माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची चौकशी तीच. "पावसाळ्यात इथे किती कुत्री होती? आता किती आहेत?" सात होती आणि चार उरली असं वॉचमन म्हणाला की पुढचं विचारायची गरज राहत नाही. कमिटीच्या सेक्रेटरीला हे माहीत नसतं. रात्री बिस्किट टाकणाऱ्या वॉचमनला प्रत्येक कुत्रं नावानिशी ठाऊक असतं.

शेवटचा प्रश्न वेळेचा. तिन्ही वेळा पहाटे तीनला दिसला असेल तर एक गोष्ट आणि संध्याकाळी साडेसातला, पोरं खाली खेळत असताना दिसला असेल तर अगदी वेगळी गोष्ट. पहिल्या प्रकारात पोस्टर लागतं. दुसऱ्या प्रकारात वरच्या साहेबांना फोन जातो आणि रात्रीची गस्त तुमच्या बाजूला वळते. तुमच्याकडे पोस्टर लागलं, यावरून मी वेळेचा अंदाज करू शकतो.

कुत्र्यांचं एवढं काय, असं वाटेल. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटर आहे आणि त्याच्या तीन बाजूंना मुंबई-ठाणं चिकटलंय. २०१५ साली कॅमेरा ट्रॅप (जनावर समोरून गेलं की आपोआप फोटो काढणारे कॅमेरे) लावून केलेल्या मोजणीत इथे ३५ बिबटे निघाले, २०१८ मध्ये ४७ आणि त्यापुढच्या मोजणीत ५४. जंगलात चितळ, सांबर, रानडुक्कर सगळं आहे, तरी २०१५ च्या त्याच अभ्यासात बिबट्यांच्या आहाराचा जवळजवळ चौथा हिस्सा कुत्र्यांचा निघाला. पुढे संशोधकांनी हिशेब मांडला की हे बिबटे वर्षाला सुमारे १५०० भटकी कुत्री खात असावेत. म्हणजे रेबीजची तेवढी धास्ती कमी, असाही त्या हिशेबाचा एक अर्थ निघतो, पण ते बाजूला ठेवू. तुमच्यापुरता अर्थ सरळ आहे. उघड्यावर पडलेली कोंबडीची आतडी आणि मासळीचं पाणी कुत्र्यांना बोलावतं, आणि कुत्री बिबट्याला. त्या वनरक्षकाने तुमचं लक्ष कचऱ्याकडे वळवलं ते काही काम टाळायला नव्हे.

आता पिंजरा.

२००४ चा जून ज्यांनी या जंगलाच्या कडेला काढलाय ते तो विसरणार नाहीत. एका महिन्यात दहाच्या आसपास माणसं बिबट्याने मारली. तेव्हा सगळीकडून एकच मागणी होती: पकडा. पिंजरे लागले, बिबटे पकडले गेले, आणि लोकांना वाटलं की त्यानेच हल्ले थांबतील. पण त्याच सुमारास जुन्नरकडून वेगळीच गोष्ट पुढे आली. तिथे २००१ नंतर उसाच्या शेतातले बिबटे मोठ्या संख्येने पकडून दूरच्या जंगलांत सोडले होते. वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय यांनी त्याचा अभ्यास केला तेव्हा दिसलं की पकडापकडीच्या आधी जुन्नर भागात माणसावरचे हल्ले वर्षाला सरासरी ४ होते, नंतर ते १७ वर गेले. वर ज्या जंगलांत हे बिबटे नेऊन सोडले, त्यांच्या आसपासही हल्ले होऊ लागले.

असं का होतं, ते आम्ही पाड्यांवरच्या बैठकांत सांगायचो. समजा तुमच्या बाजूचा बिबट्या सहा वर्षांचा नर आहे. त्याला कुठली गल्ली कधी जागी असते, कुठल्या भिंतीवरून सुटका आहे, माणूस दिसला की कुठे दबून बसायचं, हे सगळं पाठ आहे. म्हणून तर तीन वेळा येऊन गेला आणि कोणाला ओरखडा नाही. त्याला उचलून लांब नेलं की दोन गोष्टी होतात. तो तिथे बिचकलेला, पिंजऱ्यात दात-नखं तुटलेला, अनोळखी मुलखात भुकेला फिरतो. आणि इथली रिकामी झालेली जागा एखादा नवखा दीड-दोन वर्षांचा बच्चा धरतो, ज्याला यातलं काहीच ठाऊक नसतं. गावातला जुना पोलीसपाटील काढून त्या जागी कालचं पोर बसवल्यासारखं.

शिवाय लांब सोडलेलं जनावर लांब राहीलच असं नाही. २००९ मध्ये अहमदनगर जिल्ह्यातल्या टाकळी ढोकेश्वरच्या एका विहिरीतून काढलेला नर, कुठे जातो ते कळावं म्हणून गळ्यात कॉलर घालून, माळशेज घाटात सोडला होता. वय झालेला म्हणून त्याला आजोबा म्हणायचे. हे आजोबा सव्वाशे किलोमीटरच्या आसपास चालत रेल्वेलाइन, महामार्ग, वसाहती ओलांडून थेट आपल्या उद्यानाच्या उत्तरेकडच्या नागला भागात, वसईच्या खाडीपाशी आले आणि वाटेत एकाही माणसाच्या अंगावर गेले नाहीत. २०११ च्या अखेरीस मुंबई-अहमदाबाद महामार्गावर गाडीखाली गेले.

कायद्याचंही आहेच. बिबट्या १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पहिल्या अनुसूचीत येतो. त्याला पकडायचा निर्णय वनरक्षकाचा नसतो, वनपालाचाही नसतो. कलम ११ खाली राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांची लेखी परवानगी लागते, आणि जनावर माणसाच्या जिवाला धोका झालंय याची कारणं कागदावर मांडावी लागतात. दिसलं एवढं कारण त्यात बसत नाही. पिंजरा कधीच लागत नाही असा याचा अर्थ काढू नका. २०२२ च्या दिवाळीत उद्यानाला लागून असलेल्या आरे कॉलनीत दीड वर्षाचीही न झालेली मुलगी बिबट्याने नेली. तेव्हा पिंजरे लागले, लागायलाच हवे होते. त्या घरासमोर उभं राहून कोणी मला सहजीवनाच्या गप्पा मारायला सांगितल्या तर मी मारणार नाही.

खरी कसोटी असते ती बिबट्या इमारतीत शिरल्यावर. जानेवारी २०१८ मध्ये तुमच्याच मुलुंडला, पूर्वेच्या नानेपाड्यात बिबट्या घुसला आणि पाच-सहा जण जखमी झाले. २०१९ च्या फेब्रुवारीत ठाण्यातल्या एका मॉलमध्ये शिरला, तिथून निघून जवळच्या हॉटेलच्या तळघरात जाऊन बसला, आणि तिथे त्याला बेशुद्ध करून बाहेर काढलं. अशा वेळी टीव्हीवर फक्त बंदूकवाला दिसतो. ती बंदूक डार्टची असते आणि औषधाचं ठरवतो तो पशुवैद्यक. आमच्यासारख्या माणसाचं काम डार्टच्या आधी दोन तास सुरू झालेलं असतं: गर्दी मागे रेटायची, पोलिसांकडून गल्लीची दोन्ही टोकं बंद करून घ्यायची, वरच्या मजल्यावरच्यांना दारं लावून आत बसवायचं, भोंगे-फटाके-टॉर्च बंद करायचे. कारण डार्ट लागल्यावर जनावर सिनेमातल्यासारखं जागच्या जागी पडत नाही. दहा-पंधरा मिनिटं सहज जातात, आणि आरडाओरड्याने पिसाळलेलं असेल तर औषध आणखी उशिरा चढतं. त्या दहा मिनिटांत ते कुठल्या बाजूला पळणार, हे आधी ठरलेलं असलं पाहिजे.

हे मी शिकलो ते चूक करून. नोकरीची सुरुवात होती. शहराच्या कडेला एका चाळीत बिबट्या तळमजल्याच्या सामानाच्या खोलीत कोंडला गेला होता. पुढच्या बाजूला हजारभर माणूस. मी पुढची बाजू अगदी शिस्तीत मोकळी केली, दोरी बांधली आणि स्वतःवर खूश होऊन उभा राहिलो. खोलीला मागे खिडकी होती आणि तिच्या पलीकडे दीड हाताचा बोळ, हे मी बघितलंच नाही. बोळ पोरांनी भरला होता. पुढे शांत झालं तसं जनावर मागून निघालं. एका पोराच्या खांद्याला अकरा टाके पडले. तो वाचला, पुढे भेटायचाही, हसून बोलायचा, मला मात्र हसता यायचं नाही. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत, कुठेही गेलो तरी माझा पहिला प्रश्न एकच: मागचा दरवाजा कुठाय?

बिबट्या हा या नोकरीचा गाजणारा भाग, पण वर्षातले फार थोडे दिवस त्याचे. उरलेलं काम असं आहे की सांगायला बसलं तर ऐकणारा जांभई देतो.

वनरक्षकाकडे एक बीट असतो. सरकारी कागदात त्याला नियतक्षेत्र म्हणतात. तो त्याने पायी फिरायचा. हातात काठी, खांद्याला पाण्याची बाटली, आता मोबाइलवर गस्तीची नोंद. सोबत वनमजूर असला तर नशीब. बघायचं काय? हद्दीची भिंत कुठे फोडलीय. कुठल्या नाल्याला हातभट्टीचा वास येतोय. डुकराच्या वाटेवर कोणी तारेची फासकी लावलीय का. फासकी डुकरासाठी असते पण अडकतो बिबट्या, आणि कमरेत तार रुतलेलं जनावर ज्याने एकदा बघितलंय तो पुढे आयुष्यभर वाटेच्या दोन्ही बाजूंना गुडघ्याच्या उंचीवर नजर ठेवून चालतो. मी अजून चालतो, बाजारात सुद्धा.

फेब्रुवारीच्या मध्यापासून पावसापर्यंत आगीचा हंगाम. त्याआधी जाळरेषा काढायच्या असतात: पट्ट्यातला गवत-पाचोळा आपणच जाळून मोकळा करायचा, म्हणजे पुढे लागलेली आग तिथे येऊन थांबते. मुंबईत जंगल आपोआप पेटत नाही. कोणी बिडी टाकतो, कोणी पार्टीचा विस्तव तसाच ठेवून जातो, कोणाला मोकळी जागा हवी असते. आता पाचोळा उडवायला ब्लोअर मिळतात. आमच्या वेळी ऐनाच्या नाहीतर कुड्याच्या ओल्या फांद्या तोडून झोडपायचो. रात्री दोनला डोंगरावर आग झोडपताना खाली सगळं शहर दिव्यांनी लखलखलेलं दिसायचं. पुढे त्या उजेडाचाही आधार वाटायला लागला.

पावसाळ्यात माणसांची राखण. मुलुंड, येऊर, मालाड, कुठूनही भिंतीला भोक असेल तिथून पोरं धबधबा शोधत आत येतात. विहार आणि तुळशी या तलावांचं पाणी मुंबई पिते. विहार १८६० चा, तुळशी १८७९ चा. दोन्हींत मगरी आहेत, हे सांगितलं की निम्मे परत फिरतात. उरलेल्यांना सांगावं लागतं की डोंगरात पाऊस पडला की ओढा पाच मिनिटांत कमरेइतका येतो आणि मगरीला तिथे काही कामच उरत नाही. परवानगीशिवाय आत शिरणं हा गुन्हा आहे, वनरक्षक त्याचा पीओआर, म्हणजे वनगुन्ह्याचा पहिला अहवाल, फाडू शकतो. मी फार थोडे फाडले. कॉलेजच्या पोराला तासभर बसवून ठेवून त्याच्याच आईला फोन लावायला सांगितला तर त्याचा असर जास्त टिकतो. हे नियमात नाही, माझं मत आहे.

महाशिवरात्रीला उद्यानातल्या कान्हेरी लेण्यांना इतकी गर्दी लोटते की त्या दिवशी आम्ही वनखात्याचे कमी आणि वाहतूक पोलीस जास्त. संक्रांतीला मांजात अडकलेली घुबडं, घारी. आणि बारमाही माकडं. गेटपासून कान्हेरीपर्यंतच्या रस्त्यावर गाडीची काच खाली करून केळं देणाऱ्या माणसाइतकं माकडाचं नुकसान कोणी करत नाही. त्याला ते पुण्य वाटतं. पुढच्या गाडीतल्या बाईच्या हातातली पर्स माकड ओढतं तेव्हा पुण्यवान माणूस घरी पोचलेला असतो आणि तक्रार आमच्याकडे येते.

एक अवघड गोष्ट टाळून पुढे गेलो तर खोटेपणा होईल. जंगलाच्या आत वारली, मल्हार कोळी, कोकणा, काथोडी यांचे पाडे आहेत, उद्यान होण्याच्या आधीपासून. आणि कडेला झोपड्या होत्या, त्यांवर १९९७ मध्ये उच्च न्यायालयाचा आदेश आला आणि पुढे मोठ्या प्रमाणात घरं हलवली गेली. दोन्हीकडे दारात उभा राहतो तो खाकीतला वनरक्षकच. सकाळी ज्या घरासमोर नोटीस घेऊन उभं राहायचं, त्याच घरातल्या म्हाताऱ्याने रात्री येऊन सांगायचं असतं की ओढ्यापलीकडे कोणीतरी फासकी लावलीय. तो सांगतो की नाही, यावर तुमचा बीट चालतो. कॅमेरा ट्रॅप नंतर आले. त्याआधी आणि आजही पहिली खबर पाड्यावरूनच येते. वाघबारशीला तिथे वाघोबाला नैवेद्य दाखवतात, बिबट्यालाही वाघच म्हणतात. अंधार पडला की एकटं पोर ओढ्याकडे पाठवायचं नाही, बाहेर गेलं तर बोलत, काठी आपटत जायचं, हे त्यांना कोणत्याही पोस्टरने शिकवलेलं नाही. २०२१ मध्ये आरेत ओट्यावर बसलेल्या एका बाईवर मागून बिबट्या आला आणि तिने हातातल्या काठीने त्याला हाकलला, ते चित्रीकरण तुम्ही पाहिलं असेल. बसलेला, वाकलेला माणूस त्याला लहान जनावरासारखा दिसतो. हल्ले बहुतेक अशाच वेळी होतात. पूर्वी उघड्यावर बसायला जाणारे म्हणूनच बळी पडायचे. वस्तीत संडास आणि त्याच्या वाटेवर दिवा आला की बिबट्याचा अर्धा प्रश्न सुटतो, आणि त्यासाठी वनरक्षकाला महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसात खेटे घालावे लागतात. हेही तो 'काय काम करतो' यातच धरा.

आता तुमच्या सोसायटीपुरतं. कचऱ्याची खोली रात्री दाराने बंद होऊ द्या, नुसतं झाकण पुरत नाही. कुत्र्यांना खायला घालणारे असतील त्यांच्याशी भांडू नका, फक्त जागा भिंतीपासून लांब आणि वेळ दिवसाची करायला सांगा, निर्बीजीकरणासाठी महापालिकेला कळवा. मागच्या भिंतीलगत गवत-झुडूप काढून दोन मीटरचा मोकळा पट्टा ठेवा. लपायला जागा नसली की तो तिथून जात नाही, दुसरीकडून जातो. मागच्या बाजूला दिवे लावा, पण जंगलाकडे रोखलेले फ्लडलाइट नकोत. अंधारात मुलं एकटी खाली नकोत, विशेषतः घोळक्यातून मागे राहणारं सगळ्यात लहान पोर. समोर दिसलाच तर पळू नका, वाकू नका, लहान मूल असेल तर उचलून घ्या, मोठ्याने बोला आणि त्याला जायला वाट ठेवून मागे सरका. इमारतीत शिरला तर तो असेल त्या खोलीचं दार बाहेरून लावून घ्या, व्हॉट्सअॅपवर टाकू नका, आणि १९२६ ला फोन करा. गर्दी जमायच्या आत जो फोन येतो त्याचं मोल फार.

संध्याकाळी सात ते नऊ या वेळात पुन्हा दिसला, किंवा माणूस बघूनही हटला नाही, किंवा लंगडत चालताना दिसला, तर मात्र पोस्टरवर समाधान मानू नका. तारीख-वेळ लिहून वनक्षेत्रपालांच्या कार्यालयात लेखी द्या आणि सोबत चित्रीकरण जोडा. तिथून पुढची प्रक्रिया वेगळी आहे आणि ती कागदावरच चालते.

आणि ठसा सापडला तर त्यावर बादली पालथी घालून ठेवा, कोणी तुडवणार नाही. फोटो सरळ वरून काढा आणि शेजारी काडेपेटी ठेवा, म्हणजे माप कळतं. पुढच्या टोकांना नखं उमटलेली दिसली तर ते तुमच्याच गल्लीतलं एखादं थोराड कुत्रं आहे, झोपा निवांत. नखं नसतील तर फोटो त्या वनरक्षकाला पाठवा. त्याने जाताना वॉचमनकडे आपला नंबर दिलेला असेल, विचारून बघा.